शेजारधर्म आणि घेणाऱ्याचा आवाज : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा एक पुनर्विचार

प्रस्तावना

अडलेल्याला मदत करणे हे ख्रिस्ती माणसाचे ऐच्छिक सत्कृत्य नसून त्याचे कर्तव्य आहे, असे मानले जाते. या कर्तव्याचा विचार करताना लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत हमखास पुढे केला जातो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला मारून अर्धमेला टाकले. याजक आला आणि बाजूने निघून गेला, लेवीही तसाच गेला. ज्याला यहुदी लोक परका आणि हलका समजत त्या शोमरोन्याने मात्र जखमांना तेल व द्राक्षारस लावला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी तिथल्या रखवालदाराला दोन नाणी दिली आणि वर लागेल तो खर्च परतताना देईन, असा शब्द दिला.

हा दृष्टांत आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. संपूर्ण कथेत जखमी माणूस एक शब्दही बोलत नाही. त्याचे नाव, त्याचे गाव, शुद्धीवर आल्यावर एका शोमरोन्याने आपल्याला उचलले हे कळून त्याला काय वाटले, यांपैकी काहीच आपल्याला कळत नाही. उतारशाळेचा रखवालदारही मुका आहे. शोमरोनी पुढच्या प्रवासाला निघून गेल्यावर जखमा धुण्याचे, पाणी पाजण्याचे, रात्री जागण्याचे काम त्याच्याकडेच आले असणार. दृष्टांताचा हेतू वेगळा आहे, म्हणून हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. परंतु साहाय्याच्या कर्तव्याचा सगळा विचार या एकाच कथेवर उभा केला, तर देणारा तेवढा माणूस आणि बाकीचे प्रसंगाचे सामान, अशी रचना मनात पक्की होते.

मराठी ख्रिस्ती लेखनाचे मोल प्रस्तुत लेखिकेला नेमके येथे जाणवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुणे-अहमदनगर परिसरात जे आत्मपर लेखन झाले, त्यात जखमी माणूस बोलू लागला आणि उतारशाळेचा रखवालदारही बोलू लागला. त्या दोघांचे बोलणे ऐकल्यानंतर शेजारधर्माची कल्पना पूर्वीसारखी राहत नाही. या दृष्टीने पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक आणि, स्वतः ख्रिस्ती नसूनही या चर्चेतून वगळता न येणाऱ्या, आनंदीबाई कर्वे यांच्या लेखनाचा येथे विचार केला आहे. रमाबाईंचे काही महत्त्वाचे लेखन इंग्रजीत आहे, तरी त्यातील अनुभवाची भूमी मराठीच असल्याने भाषेचा तो भेद येथे आड येऊ दिलेला नाही.

‘यमुनापर्यटन’ची मर्यादा

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचे आद्यत्व आणि तिचा प्रचारकी हेतू यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती नको. आपल्या विषयापुरते एवढेच नोंदवायचे की, यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासात ज्या विधवांना भेटतात त्या बोलतात आणि पुष्कळ बोलतात. मात्र त्यांचे बोलणे लेखकाच्या युक्तिवादाला हवे तेवढे आणि हवे तसेच आहे. एकीच्या दुःखाची भाषा दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. करुणा खरी आहे, पण जखमीच्या तोंडी शब्द घातले आहेत ते वाटसरूने. सव्वीस वर्षांच्या तरुणाने १८५७ साली एवढे केले हेही थोडे नव्हे. तथापि ज्या आवाजाचा आपण शोध घेत आहोत तो हा नव्हे.

उपकृत, तरीही वाद घालणाऱ्या रमाबाई

पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) चरित्र आपण ‘दात्या’चे चरित्र म्हणून वाचतो. शारदा सदन, केडगावचे मुक्ती सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली ही त्यांच्या कार्याची ठळक स्थळे. पण त्याआधी त्या स्वतः रस्त्यावर पडलेल्या जखमी होत्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीत गेली. बंधू श्रीनिवास यांच्याबरोबर त्या पायी देश हिंडल्या. १८८० मध्ये बंधू गेले, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी गेले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणारी, हंटर आयोगापुढे साक्ष देणारी ही चोवीस वर्षांची विधवा पुढच्या वर्षी लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला राहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या आश्रयकाळातील पत्रे हा आपल्या विषयाचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. घर, अन्न, शिक्षण, मुलीचा सांभाळ यांतील प्रत्येक गोष्टीसाठी रमाबाई त्या भगिनींच्या उपकाराखाली होत्या. अशा माणसाने कसे बोलावे याचे जगभर एकच वळण असते. रमाबाई त्या वळणाने बोलत नाहीत. त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका काढतात, चर्चच्या अधिकारापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवण्याचे नाकारतात, स्वतःचा शाकाहार सोडत नाहीत आणि मनोरमेच्या खाण्यात अंडे येऊ नये इतक्या बारीक तपशिलापर्यंत आग्रह धरतात. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या हरकतीचा त्यांनी सडेतोड प्रतिवाद केला. सिस्टर जेराल्डिनना यात अहंकार दिसला. त्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे: पोटच्या मुलीसारखे जिला जवळ केले ती प्रत्येक पत्रात वाद घालते, याचा त्यांना त्रास झाला असेल तर नवल नाही. तरीपण हा पत्रव्यवहार वाचताना असे वाटत राहते की, दृष्टांतातला जखमी उतारशाळेत उठून बसला आहे आणि शोमरोन्याला सांगतो आहे, ‘उपकार झाले, पण पुढे कुठे जायचे ते मी ठरवीन.’

पुढे १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या ‘साक्षी’त रमाबाई लंडनमधील फुलॅम येथील अनुभव सांगतात. वाँटेजच्या भगिनी तिथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी काम करीत होत्या. अशा स्त्रियांना कोणी जवळ करू शकते, ही गोष्ट धर्मशास्त्रांत वाढलेल्या रमाबाईंना अपूर्व वाटली. त्यांनी कारण विचारले, तेव्हा तेथील भगिनीने त्यांना शुभवर्तमानातील एक कथा वाचून दाखवली. ती चांगल्या शोमरोन्याची नव्हती. ती होती योहानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची.

या निवडीकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. दोन्ही कथांत शोमरोनी आहे, परंतु दुसऱ्या कथेत सगळी मांडणी उलटी होते. तेथे थकून बसलेला, तहानलेला येशू आहे आणि पाणी मागतो तोच. ज्या स्त्रीला पुढे जीवनाचे पाणी द्यायचे तिच्यापुढे तो आधी याचक होतो. ती स्त्री मुकी नाही. तू यहुदी असून माझ्या हातचे पाणी कसे मागतोस, येथपासून ती वाद सुरू करते. विहीर कोणाची, पूर्वज कोणाचे, उपासना कोठे करायची, असा तिचा प्रश्नांमागून प्रश्न चालतो आणि त्याला उत्तरे द्यावी लागतात. ज्या समाजात पाणी कोणाच्या हातचे यावर माणसाची किंमत ठरत होती, त्या समाजातून आलेल्या रमाबाईंच्या मनात ही कथा घर करून बसली यात आश्चर्य नाही. स्त्रियांना आश्रय देण्याचा त्यांचा विचार त्याही आधीचा, पुण्यातल्या दिवसांपासूनचा होता. ख्रिस्ती धर्माने त्यांना हे काम दिले असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरेल. मदत करणाऱ्याने प्रथम मागणारा व्हावे, हे रूप मात्र त्यांना या कथेत सापडले असावे.

चहाचा पेला आणि शारदा सदन

पाण्याचा हा विषय पुण्यात किती पेटता होता याचे प्रमाण फार दूर शोधावे लागत नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृती मंडळींपुढे चहा आला आणि त्यावरून शहरात ग्रामण्य माजले, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. याच्या पुढच्याच महिन्यात रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यास आले. एका पेल्याने जे शहर हादरले, त्यात आता विधवा मुली एका ख्रिस्ती बाईच्या घरी राहणार होत्या.

सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या अभिवचनावर. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी घेतली होती, आणि सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखे हिंदू सुधारक होते. रमाबाई आपल्या खोलीत दार न लावता प्रार्थना करीत, काही मुली येऊन बसत. कोणाला या म्हणणार नाही आणि आलेल्यांना जा म्हणणार नाही, ही त्यांची भूमिका. ‘केसरी’ने यावर टीकेची झोड उठवली. अखेर १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात कोणाची बाजू न्याय्य होती, यावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. प्रस्तुत लेखिकेचे मत असे की, उघडे दार आणि निमंत्रण यांत रमाबाई मानत होत्या तेवढे अंतर नव्हते. जिला जगात दुसरे छप्पर नाही, तिच्यापुढे आश्रयदातीच्या प्रार्थनेचे दार उघडे असणे हेही एक बळ असतेच. दुसरीकडे, आक्षेप घेणाऱ्यांना या मुलींच्या केशवपनाची आणि उपासमारीची कधी इतकी चिंता वाटली नव्हती, हेही तितकेच खरे. परंतु खरी उणीव वेगळीच आहे. वाद दोन्ही बाजूंच्या प्रौढांनी केला. मुलींना कोणी विचारले नाही.

विचारले असते तर काय उत्तर आले असते, याचा एक नमुना सुदैवाने उपलब्ध आहे. शारदा सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे कोकणातील गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे, सर्वांच्या ‘बाया’ झाल्या. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे पुस्तक वाङ्मयीन डौल मिरवणारे नाही. मध्येच आठवण तुटते, मध्येच स्वयंपाकघरातला विषय निघतो. पण साहाय्य घेणारीने, आपल्या भाषेत, वयाच्या पैलतीरावरून सांगितलेली ही हकिगत आहे. रमाबाईंविषयी तीत अपार कृतज्ञता आहे. आणि ती सांगणारी शेवटपर्यंत हिंदूच राहिलेली आहे. कृतज्ञता म्हणजे अनुसरण नव्हे, हे बायांना कोणत्याही तात्त्विक चर्चेशिवाय ठाऊक होते. वाँटेजमध्ये रमाबाईंनी जे भांडून मिळवले, ते शारदा सदनात बायांना न भांडता मिळाले असे म्हणावे लागते. रमाबाईंच्या बाजूने याहून मोठी साक्ष दुसरी नसावी, आणि ती एका अ-ख्रिस्ती स्त्रीने दिली आहे. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, हा या साक्षीचाच लांबलेला भाग होय.

उतारशाळेची मालकीण

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) हे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र असल्याबद्दल दुमत नाही. त्यातील विनोदावर आणि साध्या भाषेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तो विनोद कोठून येतो, याचा विचार साहाय्य-धर्माच्या अंगाने व्हायला हवा.

पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. सत्तावन्नच्या धामधुमीत घरातल्या माणसाला फाशी झाली आणि त्यानंतर विटाळाच्या धास्तीने या गृहस्थांना घेरले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घ्यायचा त्यांना ध्यास लागला. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात. ते हसणे ओलांडून पाहिले तर लक्षात येते की, स्पर्शाची भीती हे या घराचे पहिले दुःख आहे. दृष्टांतातील याजक आणि लेवी बाजूने का गेले, याचे एक स्पष्टीकरण भाष्यकार प्रेताच्या विटाळाच्या भयात शोधतात. मराठी वाचकाला ते पटायला भाष्याची गरज नाही.

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षे हा ‘स्मृतिचित्रे’चा गाभा आहे. पतीकडे परत आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. हळूहळू, कोणाच्या उपदेशाने नव्हे तर स्वतःशी विचार करता करता, जाती माणसांनी केल्या आहेत हे त्यांना उमगले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: त्या आधी घ्यायला शिकल्या, मग द्यायला. प्लेगच्या दिवसांत आजारी मुलांची शुश्रूषा त्यांनी केली ती यानंतर. ज्याच्या हातचे पाणी आपण पिणार नाही त्याला आपण औषध देऊ शकतो, पण तो आपला शेजारी होत नाही, हे त्यांनी सूत्र म्हणून कोठेही मांडलेले नाही. त्यांच्या आयुष्याच्या क्रमातून ते दिसते.

टिळक हे मनाने दृष्टांतातल्या शोमरोन्याच्या जातीचे. दिसेल त्या अनाथाला घरी आणावे, खिशात असेल ते देऊन मोकळे व्हावे, ही त्यांची वृत्ती. द्वितीय वर्ष कला वर्गाला हे पुस्तक शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘‘मॅडम, टिळक माणसं घरी आणायचे, पण त्यांच्यासाठी भाकरी कोण थापायचं?’’ वर्ग हसला. प्रश्न मात्र अचूक होता. औदार्याचा निर्णय ओटीवर होतो आणि त्याची किंमत माजघरात चुकती होते. दृष्टांतातला शोमरोनी निदान दोन नाणी ठेवून गेला; लक्ष्मीबाईंच्या उतारशाळेत पुष्कळदा तीही नसत. त्यांचा विनोद हा या हिशेबाची वही आहे. त्या तक्रार करीत नाहीत, टिळकांना लहान करीत नाहीत, उलट त्यांच्या ध्येयावर त्यांची निष्ठा आहे. पण किती माणसे जेवली, काय शिल्लक होते, कोणती वस्तू गेली, याची नोंद त्या सोडत नाहीत. मराठी टीकेने या नोंदीला ‘प्रापंचिक तपशील’ म्हणून जी शाबासकी दिली, ती प्रस्तुत लेखिकेला थोडी अपमानास्पद वाटते. तो सेवेचा जमाखर्च आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तेथे जागा होती. शारदा सदनाच्या वादाने जो पेच उभा केला होता, त्याचे हे एक उत्तर होते. १९१९ मध्ये टिळक गेले आणि ते उत्तर अपुरे राहिले.

केडगाव : जे लिहिले गेले नाही

येथवर जे आवाज ऐकले ते तिघींचे, आणि तिघीही ब्राह्मण घरांत वाढलेल्या. ही मर्यादा झाकून ठेवता येणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आपण स्वतः उपाशी हिंडलो त्या दिवसांची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना, असे त्यांनीच लिहिले आहे. तेथून त्यांनी उपासमारीने सापळा झालेल्या मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. त्याच वर्षी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारवर उघड टीका केली. सेवा म्हणजे केवळ अन्नवस्त्र नव्हे, अधिकाऱ्यांना जाब विचारणे हीसुद्धा सेवाच, ही समज त्यांना होती. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. अंध स्त्रियांसाठी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सदने झाली. मदत घेणाऱ्याला हात पसरायला न लावता हाताला काम द्यायचे, हा विचार या सगळ्यामागे दिसतो आणि तो आजही आदर्शवत आहे.

परंतु मुक्ती सदन हे उघडपणे ख्रिस्ती होते; शारदा सदनाची तटस्थता तेथे उरली नव्हती. या मुली बहुतांशी बहुजन व दलित घरांतल्या, पालक मेलेल्या वा हरवलेल्या. त्यांना काढून नेणारे कोणी नव्हते, आणि त्यांच्यासाठी ‘केसरी’नेही तेवढी लेखणी झिजवली नाही. त्यांच्या कहाण्या आपल्याला भेटतात त्या ‘मुक्ती प्रेअर बेल’सारख्या इंग्रजी नियतकालिकात, परदेशी देणगीदारांसाठी, सदनाच्या भाषेत. गंगाधर मोरजे यांनी मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आणि मीरा कोसंबी यांनी रमाबाईंच्या लेखनाचा जो अभ्यास उभा केला, त्याच्या आधाराने रमाबाई आता आपल्याला पुष्कळ स्पष्ट दिसतात. त्यांनी आणलेली मुलगी दिसत नाही. ‘माझे पुराण’च्या तोडीचे, केडगावच्या दुष्काळी मुलीने लिहिलेले पुस्तक मराठी वाचकाच्या परिचयाचे नाही. जखमी पुन्हा मुका झाला.

हा दोष एकट्या रमाबाईंवर टाकणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीकडील महापुरानंतर मदत घेऊन गेलेल्या एका महाविद्यालयीन पथकात प्रस्तुत लेखिका होती. आम्ही साड्या आणि जुने कपडे नेले होते. वाटपाची छायाचित्रे काढली, कारण अहवालाला ती हवी होती. एका वृद्धेने गठ्ठा हातात घेतला, फोटो होऊ दिला आणि मग शांतपणे सांगितले, ‘‘बाई, साड्यांचा ढीग झालाय. घरात गुडघाभर चिखल हाय, खराटं आणि फिनेल आणलं असतं तर बरं झालं असतं.’’ अहवालात छायाचित्र गेले, तिचे वाक्य गेले नाही. अहवाल प्रस्तुत लेखिकेनेच लिहिला होता.

रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर केडगावच्याच छापखान्यात छापले गेले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. खिळे जुळवणाऱ्या मुली दुष्काळातून आलेल्या. लूकचा दहावा अध्याय आणि योहानाचा चौथा त्यांच्याच बोटांखालून गेला आहे. त्या मुलींची पत्रे, त्यांच्या नोंदवह्या, लग्न होऊन त्या ज्या गावांत गेल्या तेथील मंडळ्यांची दप्तरे, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी असलेल्या गोष्टी, यांचा पद्धतशीर शोध घेण्याचे काम पुणे, दौंड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या पट्ट्यातील मराठी व इतिहास विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्यासारखे आहे. केडगाव पुण्याहून रेल्वेने दीड-दोन तासांवर आहे.